रबराला कोणते वंगण मानवते?

जुलै संपत आला की कोकणातल्या बंदरांवर धांदल उडते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते. शाकारून ठेवलेल्या बोटी आता उघडल्या जातात, जाळी सांधली जातात, तळाला रंग चढतो आणि दोन महिने गप्प बसलेल्या इंजिनांवरची ताडपत्री निघते. तेल बदलायचे, फिल्टर बदलायचे, पट्टे तपासायचे आणि पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर नवा घालायचा. हा इम्पेलर डबीत सहजासहजी जात नाही. त्याच्या पाकळ्या डबीपेक्षा मोठ्या असतात, त्या वाकवून, दाबून आत ढकलाव्या लागतात. मग कोणीतरी हाताशी असेल ते लावतो. कधी ग्रीसच्या डब्यातले बोटभर ग्रीस, कधी व्हॅसलिन, कधी घरून आणलेले खोबरेल तेल, कधी भांडी घासायच्या साबणाचे पाणी. प्रत्येक मिस्त्रीची आपली पद्धत आणि तिच्यावर ठाम विश्वास.

आरोग्याच्या सदरात बोटीच्या पंपाचे काय काम, असे वाटेल. पण रबराला काय लावावे आणि काय लावू नये, हा प्रश्न रुग्णालयात रोज पडतो. हातमोजे, लघवीची नळी, कंडोम, भुलीच्या यंत्राच्या नळ्या या सगळ्यांचे रसायनशास्त्र आणि त्या इम्पेलरचे रसायनशास्त्र एकच आहे. शिवाय हा पंप भर समुद्रात बंद पडला तर पुढचा प्रवास बरेचदा रुग्णालयाच्या दिशेनेच होतो.

आधी हा पंप करतो काय ते पाहू. बोटीच्या इंजिनाला मोटारीसारखा वाऱ्यावर थंड होणारा रेडिएटर नसतो. थंडाव्यासाठी भोवती समुद्र आहेच. पंप समुद्राचे पाणी वर खेचतो, ते इंजिनातल्या गोड्या पाण्याची उष्णता काढून घेते आणि पुन्हा समुद्रात पडते. पंपाच्या पोटात एक गोल धातूची डबी असते आणि तिच्यात फुलासारखा पाकळ्यांचा रबरी इम्पेलर फिरतो. डबीची आतली भिंत पूर्ण गोल नसते. एका बाजूला उंचवटा असतो. पाकळी त्या उंचवट्यावर आली की वाकते, दोन पाकळ्यांमधली जागा आकसते आणि तिथले पाणी बाहेर ढकलले जाते. उंचवटा ओलांडला की पाकळी पुन्हा ताठ होते, जागा वाढते, पोकळी तयार होते आणि समुद्राचे नवे पाणी आत ओढले जाते. डायलिसिसच्या यंत्रात रुळाखाली नळी दाबून रक्त पुढे सरकवले जाते, त्याचा हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. दोन्हींत पदार्थ चिमटीत पकडून पुढे ढकलला जातो, म्हणूनच पाणी पंपाच्या खालच्या पातळीवर असले तरी हा पंप ते वर खेचू शकतो.

या रचनेत एक अडचण आहे. पाकळ्या सतत धातूवर घासतात आणि त्यांना वंगण मिळते ते फक्त त्या पाण्याचेच. पाणी आले नाही, तर घर्षणाने रबर तापते, पाकळ्यांची टोके जळतात, मुळाशी चिरा पडतात. तळाचा कॉक उघडायला विसरलात किंवा पाण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली, तर काम तमाम व्हायला फार वेळ लागत नाही. इम्पेलर बनवणाऱ्या कंपन्या कोरडे फिरवण्याची मर्यादा साधारण अर्ध्या मिनिटाची सांगतात. नवा इम्पेलर बसवून इंजिन सुरू केल्यावर पाणी पंपापर्यंत पोचायला काही क्षण जातात. वंगण लावायचे ते त्या काही क्षणांसाठी आणि पाकळ्या न फाटता डबीत शिराव्यात म्हणून. त्यानंतर वंगणाचे काम संपते आणि पाण्याचे सुरू होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची निवड सोपी होते, कारण इथे दीर्घकाळ टिकणारे, चिकट, जाड वंगण हवेच कशाला? हवे ते असे की जे थोडा वेळ साथ देईल, रबराला इजा करणार नाही आणि पाणी आले की निघून जाईल.

रबर तेल पिते म्हणजे काय?

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. गंधकाच्या किंवा तशाच दुव्यांनी हे धागे एकमेकांशी जागोजागी बांधलेले असतात, म्हणून ताणले तरी रबर मूळ आकाराला येते. नैसर्गिक रबराचे धागे निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनचे, म्हणजे स्वभावाने तेलाच्या जातकुळीचे. खनिज तेलही कार्बन-हायड्रोजनचेच. समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत मिसळतात, हा रसायनशास्त्राचा जुना नियम. तेलाचे रेणू रबराच्या धाग्यांमध्ये शिरतात, धागे एकमेकांपासून दूर सरतात, रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद जाते. धागे बांधलेले असल्यामुळे ते साखरेसारखे विरघळून जात नाही एवढेच. पण फुगलेला इम्पेलर डबीत घट्ट होतो, जास्त घासतो, जास्त तापतो आणि पाकळ्यांच्या मुळाशी, जिथे प्रत्येक फेरीला वाकण पडते, तिथेच आधी तुटतो.

बोटींच्या इम्पेलरसाठी नैसर्गिक रबर न वापरता बहुधा निओप्रीन वापरतात, ते याच कारणासाठी. १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. त्याच्या धाग्यांवर क्लोरिनचे अणू असतात, त्यामुळे ते तेलाला नैसर्गिक रबराइतके सहज जवळ करत नाही. समुद्राचे पाणी, ऊन आणि हवा हेही ते बरे सोसते. तेलाला त्याहून अधिक दाद न देणारे रबर म्हणजे नायट्राईल. इंजिनाच्या खालच्या खोलगट भागात साचणारे डिझेलमिश्रित पाणी उपसायचे असेल, तर त्या पंपात नायट्राईलचा इम्पेलर घालतात. उलट टोकाला ईपीडीएम नावाचे रबर आहे. ऊन-पावसात उत्तम, पण खनिज तेलापुढे दुबळे. दुचाकीच्या ब्रेकमध्ये ज्याला सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते मुळात तेल नसते, ग्लायकॉलच्या कुळातला द्रव असतो आणि आतली रबरे त्याला साजेशी निवडलेली असतात. त्यात कोणी इंजिन ऑइल ओतले तर ती रबरे फुगून ब्रेकच अडकतो. गॅरेजवाल्यांना हे पक्के माहीत असते. वंगणाचा चांगलेपणा त्याच्या बाटलीत नसतो, समोर कोणते रबर आहे त्यावर ठरतो.

मग वीस-वीस वर्षे ग्रीस लावूनच इम्पेलर बसवणारे मिस्त्री चुकीचे का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की निओप्रीनला तेलाचा त्रास होतो तो मध्यम. बोटाने पुसट लावलेले ग्रीस पहिल्या काही मिनिटांत पाण्याबरोबर बऱ्यापैकी वाहून जाते आणि इम्पेलर मोसमभर चालतो. म्हणून ‘आमचे तर काही बिघडले नाही’ हा अनुभव खोटा नाही. काही आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत कंपनीचे स्वतःचे मरीन ग्रीस लावण्याची सूचनाही असते. तिथे त्यांचा इम्पेलर आणि त्यांचे ग्रीस एकमेकांशी जुळवलेले असते, तेव्हा पुस्तिकेचेच ऐकावे. गडबड होते ती डबीभर ग्रीस कोंबले जाते तेव्हा. इम्पेलर बसवून बोट पुढे आठवडे-महिने उभी राहते आणि ग्रीस रबरात मुरत राहते, तेव्हाही. आणि बाजारातला स्वस्त इम्पेलर नेमक्या कोणत्या रबराचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, तेव्हा तर नक्कीच. जोखीम छोटी असेल, पण ती घेण्याचे कारणच नाही, कारण तिच्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारी एक छोटी बाटली पुरते.

दवाखान्यातले तेच गणित

शस्त्रक्रियेचे आणि तपासणीचे कित्येक हातमोजे लेटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे असतात. तेलकट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावलेल्या हातावर ते चढवले तर ते कमकुवत होतात, डोळ्यांना न दिसणारी भोके पडू शकतात. लघवीसाठी घालायच्या फोली कॅथेटरच्या टोकाला एक छोटा फुगा असतो, नळी मूत्राशयातून निसटू नये म्हणून. लेटेक्सच्या कॅथेटरला तेलकट मलम लावले तर हा फुगा आत फुटू शकतो. म्हणूनच नळी घालताना वापरली जाणारी लिग्नोकेन जेली पाण्यात विरघळणारी असते. घरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची नळी सांभाळणाऱ्या अनेक कुटुंबांत ‘कोरडेपणा वाटतो’ म्हणून नळीच्या तोंडाशी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावले जाते. ते टाळावे. लागलेच तर पाण्याच्या आधाराची जेली मागून घ्यावी.

कंडोमचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेटेक्सच्या कंडोमला खनिज तेलाचा संपर्क अवघे ६० सेकंद दिला, तर त्यांची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. अवघ्या एका मिनिटात! खोबरेल तेल, व्हॅसलिन, अंगाला लावायचे लोशन, मालिशचे तेल या गोष्टी घराघरांत असतात आणि संकोचापोटी कोणी विचारत नाही. परिणाम नको असलेल्या गर्भधारणेत किंवा संसर्गात दिसतो आणि दोष ‘सरकारी कंडोम फाटतात’ असा कंडोमला दिला जातो. योनीमार्गात वापरायच्या काही बुरशीविरोधी क्रीम आणि गोळ्यांत तेलकट पदार्थ असतात. त्यांच्या वेष्टनावर तशी सूचना असते, ती वाचावी. लेटेक्सबरोबर पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या आधाराचे वंगण चालते, तेलाचे नाही. गंमत अशी की डॉक्टरांच्या तपासणीसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाजारात आलेली पाण्यात विरघळणारी के-वाय जेली आज तिथले काही हौशी नौकानयनपटू इम्पेलर बसवताना बिनदिक्कत वापरतात. त्यांची निवड शास्त्राला धरून आहे.

सिलिकॉनचे वंगण मात्र सिलिकॉन रबरावर लावू नये. पुन्हा तोच नियम, समान स्वभाव एकमेकांत शिरतो. निओप्रीनला सिलिकॉन ग्रीसचा त्रास नाही, झाकणाखालच्या गोल रबरी कड्याला ते उत्तमच. पण ते पाण्याने सहज जात नाही आणि हाताला लागलेले ग्रीस जिथे रंग द्यायचा तिथे पोचले, तर रंग धरत नाही, त्याचे डोळे-डोळे पडतात. बंदीच्या काळात एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला रंगकाम चालू असलेल्या बोटीवर हे लक्षात ठेवलेले बरे.

एका ठिकाणी मात्र तेलाला सक्त मनाई आहे, तीही रबरापायी नव्हे. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर घट्ट झाला म्हणून त्याला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिन लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ भडकू शकतात. कोविडनंतर घरोघरी सिलिंडर आणि काँसन्ट्रेटर आले, तेव्हा हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. नळीने नाक कोरडे पडते त्यावरही पाण्याच्या आधाराची जेलीच लावावी.

ग्लिसरीन: चांगले, पण कोणते आणि कुठले?

इम्पेलरसाठी सर्वांत साधे आणि निर्धोक वंगण म्हणजे ग्लिसरीन. काही कंपन्यांच्या इम्पेलरच्या खोक्यात त्याची छोटी पुडीच येते. स्वीडनचे कार्ल शेले यांनी १७७९ मध्ये ते प्रथम वेगळे केले आणि गोड चवीमुळे पुढे त्याला ग्रीक भाषेतून हे नाव मिळाले. त्याच्या रेणूला पाण्याशी मैत्री करणारे तीन हात असतात, त्यामुळे ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि रबराच्या तेलकट धाग्यांमध्ये शिरत नाही. शिवाय ते हवेतली ओल धरून ठेवते, वाळत नाही. नवा इम्पेलर बसवून बोट आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हा गुण कामाला येतो. भांडी घासायचा द्रव साबणही रबराला मानवतो, घाईत तो वापरायला हरकत नाही, पण तो वाळून जातो. म्हणून इम्पेलर बसवून लगेच इंजिन चालवायचे असेल तेव्हाच साबण. खोबरेल तेल, गोडे तेल, डिझेल, इंजिन ऑइल आणि व्हॅसलिन बाजूला ठेवावे.

आता ग्लिसरीनची दुसरी बाजू. हे दिसायला पारदर्शक, दाट, गोडसर असते. आणि नेमके तसेच दिसणारे, तसेच गोड, पण स्वस्त आणि विषारी असे एक रसायन आहे, डायएथिलिन ग्लायकॉल. ब्रेकचे द्रव, रंग, औद्योगिक वंगणे अशा कामांत ते वापरले जाते. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात, लघवी बंद होते आणि मृत्यू येतो. महाराष्ट्राला याची ओळख १९८६च्या सुरुवातीला झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ते ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदी, तपासणी, परवाने या सगळ्या साखळीतली सडलेली कडी न् कडी उघडी पाडली. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि तिथला औषधविषयक कायदा १९३८ मध्ये बदलला होता. २०२२ मध्ये गांबियात साठाहून अधिक बालके गेली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने खोकल्याच्या सिरपांबाबत जगाला इशारा दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच घडले. तिथली अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली होती. जवळजवळ नव्वद वर्षांत हे रसायन पुन्हा पुन्हा औषधाच्या बाटलीत शिरत आले आहे, ही चीड आणणारी बाब आहे.

म्हणून बंदरावरच्या ग्लिसरीनबाबत एकच आग्रह. रसायनांच्या दुकानातून कॅनमध्ये आणलेले औद्योगिक ग्लिसरीन इम्पेलरला चालते, माणसाला चालत नाही. ती बाटली घरी नेऊ नये, तोंड आले म्हणून मुलाच्या जिभेला लावू नये, फुटलेल्या ओठांना लावू नये. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘इंजिनासाठी’ असे लिहून ठेवावे. उगाच दोन बाटल्या नकोत, तर औषधाच्या दुकानातले औषधी दर्जाचे, लेबल असलेले ग्लिसरीनच आणावे, इम्पेलरला लागते तरी किती, जेमतेम चमचाभर. इंजिनात घालायच्या कूलंटबाबतही हेच. त्यात एथिलिन ग्लायकॉल असते, तेही गोड आणि तेही मूत्रपिंडे बंद पाडणारे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले रंगीत कूलंट लहान मूल सरबत समजून पिते. सुरुवातीला ते दारू प्यायल्यासारखे झिंगलेले दिसते, म्हणून घरच्यांना गांभीर्य कळत नाही. असे झाले तर लघवी होण्याची वाट पाहत न बसता बाटलीसह रुग्णालय गाठावे. याला उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तरच उपयोगी.

पंप बंद पडला तर

ऑगस्टमध्ये समुद्र अजून खवळलेलाच असतो. अशा वेळी किनाऱ्यापासून दूर इंजिन तापले तर तांडेलापुढे दोनच पर्याय उरतात, इंजिन बंद करून लाटांवर सोडून देणे किंवा ते जळेपर्यंत चालवणे. दोन्ही वाईट. पण माणसाला इजा होते ती बरेचदा त्यानंतरच्या घाईत. तापलेल्या इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण कोणी फडक्याने धरून उघडतो. आत पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण फिरताक्षणी दाब जातो, पाण्याची वाफ होते आणि चेहरा, छाती, हात भाजतात. इंजिन हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, मग बोट कितीही डुलत असो. भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे थंड पाणी ओतत राहावे. मासेमारी बोटीवर बर्फाची कमतरता नसते, पण बर्फ थेट लावू नये, त्याने जखम अधिक खोल होते. टूथपेस्ट, हळद, ग्रीस यांपैकी काहीही नको.

दुसरा धोका दिसत नाही. काही बोटींत इंजिनाचा धूर समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याने थंड करून रबरी नळीतून बाहेर सोडतात. पाणी थांबले की तो धूर तापलेलाच त्या नळीत शिरतो, नळी जळते किंवा फाटते आणि धूर खोलीत पसरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. खाली झोपलेल्या खलाशांना डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवते आणि ते ‘बोट लागली’ असे समजून पुन्हा आडवे होतात. बोट लागायची सवय मोडलेल्या, वर्षानुवर्षे समुद्रावर जाणाऱ्या माणसाला अचानक असे होऊ लागले आणि तेही एकाच वेळी दोघा-तिघांना, तर धुराचाच संशय घ्यावा. सगळ्यांना उघड्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त ओळखू शकत नाही आणि ९८ असा आकडा दाखवत राहतो. किनाऱ्यावर आल्यावर रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन देणे हाच उपचार, आणि डॉक्टरांना धुराबद्दल आवर्जून सांगणे हे नातेवाइकांचे काम.

हे सगळे टाळायला इम्पेलर दरवर्षी बदलणे स्वस्त पडते. बसवताना आधी तळाचा कॉक बंद करावा, म्हणजे झाकण काढताच पाणी आत येणार नाही. झाकणाचे स्क्रू डबीत पाडून ठेवावेत, ते इंजिनाखाली गेले की सापडत नाहीत. डबी आतून पुसून बोट फिरवावे, धातूवर खोल ओरखडे असतील तर नव्या इम्पेलरचे आयुष्यही कमीच. पाकळ्यांना, त्यांच्या टोकांना आणि डबीच्या भिंतीला ग्लिसरीन लावावे. पाकळ्या सुतळीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने एका दिशेला वाकवून बांधाव्यात, इंजिन ज्या दिशेला फिरते त्यानुसार, आणि गोल फिरवत आत सरकवताना पट्टी काढून घ्यावी. नवा कागदी गॅस्केट किंवा रबरी कडे घालून झाकण लावावे. हात डिझेलचे असतील तर लेटेक्सऐवजी नायट्राईलचे हातमोजे घालावेत, आणि काम झाल्यावर हात डिझेलने धुऊ नयेत. त्याने त्वचेतला नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो आणि मिस्त्रींच्या बोटांना पडणाऱ्या भेगा व खाज यांचे ते एक नेहमीचे कारण आहे. साबण आणि पाणी पुरते. मग कॉक उघडून इंजिन सुरू करावे आणि मागे जाऊन पाणी पडते का ते डोळ्यांनी पाहावे. काही क्षणांत धार दिसली नाही तर इंजिन बंद.

जुना इम्पेलर काढल्यावर तो तसाच फेकू नये, आधी त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी कमी भरली तर तिचा तुकडा पुढच्या नळीत किंवा पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो शोधून काढल्याशिवाय नव्या इम्पेलरलाही पाणी पुरेसे पुढे ढकलता येत नाही.